चहाची पारख आणि रंगाची भूल

उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी पाहावयास जाण्याची हौस पुण्यामुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे बरीच वाढली आहे. गेल्या हिवाळ्यात अशाच एका मंडळीबरोबर आम्हीही भिगवणावरून कुंभारगावास गेलो होतो. पक्षी पाहून झाल्यावर इंदापूरवरून टेंभुर्णीकडे जाताना वाटेतल्या एका गावी आमच्या जुन्या परिचयाच्या शेतकरी कुटुंबाकडे थांबणे झाले, आणि त्या भागाच्या रिवाजाप्रमाणे पाण्याचा तांब्या खाली ठेवला जातो न जातो तोच चहा पुढे आला. चहा चांगला नव्हता, हे लपविण्यात अर्थ नाही. रंगाने तो विटेसारखा लाल, चवीने कडवट तुरट, आणि वास म्हणाल तर आल्यावाचून दुसरा कसलाच नाही. सर्वांनी तो भिडेखातर घेतला. परंतु अंगणातून गाडीकडे चालताना आमच्यातील एका पदवीधर गृहस्थांनी जो अभिप्राय दिला, तो मात्र आमच्या घशाखाली उतरला नाही. "या लोकांना चहातले काय कळणार?" ते म्हणाले, "रंग आला की यांचा चहा झाला!" मंडळी हसली व पुण्याच्या वाटेस लागली. आम्ही पूर्वीच ठरल्याप्रमाणे दोन दिवस मागे राहिलो.

त्या दोन दिवसांत जे पाहिले, त्यावरून आमची अशी खात्री झाली आहे की, उजनीकाठच्या खेड्यांत वाईट चहा विकला जातो याचे कारण तेथील माणसांची जीभ नव्हे. रंगावरून चहा जोखण्याची खोड आम्हां शहरवासी सुशिक्षितांच्याच स्वयंपाकघरांत प्रथम रुजली व तेथून ती बाजारात आणि बाजारातून खेड्यात गेली. ज्या गृहस्थांनी वरील उद्गार काढले, त्यांच्या घरचा चहा आम्ही पुष्कळदा घेतला आहे. त्यांच्या फळीवरचा पुडा कोणत्या कसोटीवर निवडला गेला, असे एकदा आम्ही विचारले असता प्रथम दूरचित्रवाणीवरील एका नटीचा, नंतर पुड्याबरोबर फुकट मिळालेल्या काचेच्या बरणीचा, आणि शेवटी किंमतीचा उल्लेख झाला. 'महाग आहे, तेव्हा चांगलाच असणार' हे त्यांचे तर्कशास्त्र. पुडा फोडून पुडीचा वास घेतला होता काय, या प्रश्नावर ते आमच्याकडे असे पाहू लागले की, जणू आम्ही त्यांना तपकीर ओढावयास सांगत आहो!

आता त्या गावी दुसऱ्या दिवशी सकाळी काय घडले ते सांगतो. घरच्या वहिनी चहाचे आधण ठेवीत असताना आम्ही सहज विचारले की, ही पूड कोठली? त्यांनी बाजारातून आणलेली एक बिनछापाची प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली व आपण होऊनच म्हणाल्या, "दादा, कितीबी टाकली तरी ह्याला चवच येत न्हाई. रंग तेवढा झटक्यानं येतोय. पर मामास्नी रंग लागतोय, मग काय करायचं?" आमच्या पदवीधर मित्रांनी हे वाक्य ऐकावयास हवे होते. रंग आणि चव या दोन निराळ्या वस्तू आहेत व एकीवरून दुसरीचे अनुमान होत नाही, हे चहाच्या परीक्षेतील पहिले सूत्र होय. ते या बाईंस कोणाच्या शिकवणीवाचून ठाऊक होते. मित्रांस मात्र ते अद्याप ठाऊक नाही.

त्या पुडीची आम्ही तेथेच थोडी परीक्षा केली. काचेच्या पेल्यात थंड पाणी घेऊन वरून चिमूटभर पूड सोडली, तोच तिच्यातून तांबड्या रंगाच्या दोऱ्या खाली सुटू लागल्या. अस्सल चहाही थंड पाण्यास रंग देतो, व बारीक पूड असल्यास जरा लवकर देतो. परंतु तो सावकाश पसरतो, असा धावत सुटत नाही. नंतर घरातील मुलाच्या शाळेच्या प्रयोगवहीतून एक गाळणकागद मिळाला. त्यावर पूड पसरून पाणी शिंपडले, थोड्या वेळाने पूड झटकली, कागद नळाखाली धुतला व उजेडाकडे धरून पाहिला. शुद्ध चहाने कागदावर डाग राहू नये. येथे पिवळेतांबडे ठिपके स्पष्ट राहिले होते. ही रीत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने घरगुती परीक्षांची जी पुस्तिका काढली आहे, तीत ती दिलेली आहे. अर्थात अशा परीक्षेने संशय येतो, गुन्हा सिद्ध होत नाही; ते काम प्रयोगशाळेचे. तथापि ज्या मालाविषयी संशय आला तो पुन्हा घरात आणू नये, एवढे ठरविण्यास प्रयोगशाळेची गरज नाही.

हा रंग येतो कोठून, हेही वाचकांनी समजून घेतले पाहिजे. एकदा उकळून काढलेला चोथा गोळा करावयाचा, वाळवावयाचा, त्यास कृत्रिम रंग चोळावयाचा आणि थोड्या नव्या पुडीत मिसळून पुन्हा विकावयाचा, ही या धंद्यातील जुनी लबाडी. हरभऱ्याची टरफले किंवा काजूची साले कुटून व रंगवून मिसळल्याचीही उदाहरणे आढळली आहेत. कायद्याने चहात वरून रंग घालण्यास साफ मनाई आहे. इतकेच नव्हे, तर उकळत्या पाण्यात चहाचा किती अंश उतरला पाहिजे याचेही मान ठरलेले असून ते शेकडा ३२ हून कमी चालत नाही. चोथ्यात हा अंश उरलेला नसतो, म्हणूनच त्यास रंगाची मदत घ्यावी लागते. थोडक्यात, जेथे चहा संपतो तेथे रंग सुरू होतो. आणि गिऱ्हाईकच जर रंग मागत असेल, तर लबाडाने अधिक काही करावयाचे उरतच नाही.

दुपारी यजमानांबरोबर आम्ही बाजारात गेलो. ज्या दुकानातून ती पिशवी आली होती त्या दुकानदाराशी आम्ही भांडावयाच्या तयारीनेच गेलो होतो, हे कबूल करतो. परंतु त्याने आमचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले व मागच्या फळीवरून पत्र्याचा एक डबा काढून पुढे ठेवला. त्यात निराळी पूड होती. दाणे काळसर तपकिरी, सारख्या आकाराचे, घट्ट वळलेले. मूठभर हातात घेऊन तीत तोंडाने ऊब सोडली व लगेच हुंगली तो गोडसर, थोडासा भाजलेल्या धान्यासारखा वास आला. "काका, हा माल मी वर्षातनं दोनदा आणतो आणि तो असाच पडून राहतो," तो म्हणाला. "लोक म्हणतात ह्याला रंग नाही. मग मी रंगाचाच विकतो." पहिली पिशवी त्याच्याकडेही दुसऱ्या कोणाकडून आयती भरून आलेली होती. त्याचा दोष नाही असे आमचे म्हणणे नाही. माल कोठून आला हे ठाऊक नसता तो विकणे हा दोषच होय. परंतु सर्व पाप त्याच्या माथी मारून मोकळे होणे हे न्यायाचे होणार नाही.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. तो चांगला डबाही हिंगाच्या बरणीच्या आणि उदबत्त्यांच्या गठ्ठ्याच्या मध्ये ठेवलेला होता व त्याचे झाकण सैल होते. चहा हा फार निर्लज्जपणे शेजाऱ्याचा वास घेणारा पदार्थ आहे. कारखान्यातून निघताना त्यात शेकडा तीनच्या आसपास ओल असते. ती दुपटीवर गेली की त्याचा जीव गेला म्हणून समजावे. तेव्हा सुटा चहा घेताना पूड पाहण्याच्या आधी डबा पाहावा, झाकण पाहावे, आणि डब्याचे शेजारीपाजारी पाहावे. साबणाच्या वड्यांशेजारचा चहा घेऊन घरी गेल्यावर चव बिघडली म्हणून गवळ्याशी वाद घालणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

रंगाची ही भूल आली कोठून? चहा हे आमचे पूर्वापार पेय नव्हे, हे सांगावयास नकोच. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले आदी मंडळींपुढे चहाबिस्किटे आली, गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावे छापवून आणली आणि त्या पेलाभर चहापायी असे ग्रामण्य माजले की, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तांवर आले. त्या वादावर पुष्कळ शाई खर्ची पडली. परंतु तो चहा होता कसा, हे त्यावेळी कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. विनोद बाजूस ठेवला तरी यात एक अर्थ आहे. चहा घ्यावा की घेऊ नये याचा वाद आम्ही मोठ्या हिरीरीने केला, आणि घ्यावयाचे ठरल्यावर कोणता घ्यावा हा विचार मात्र विकणाऱ्यावर सोपवून दिला.

विकणाऱ्याने तो आपल्या सोयीने केला. १९०३ साली निर्यात होणाऱ्या चहावर कर बसवून त्यातून प्रचाराचा निधी उभारण्यात आला; पुढे स्टेशनांवर पाट्या लागल्या, बाजारांतून फुकट पेले वाटले गेले. गंमत अशी की, त्या पाट्यांवर चहा मुरवून करावा, दूध मागाहून घालावे, असा उपदेश असे, व मसाला घालून उकळणारे विक्रेते पूड कमी टाकतात म्हणून मळेवाल्यांची तक्रार असे. आम्ही उपदेश बाजूस सारून उकळणे पत्करले. त्यात काही गैर झाले असे आम्ही म्हणत नाही. दुधात उकळलेला आल्याचा चहा हा आमच्या लोकांनी स्वतः शोधलेला पदार्थ असून त्याची आम्हांस लाज नाही. १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर याने पाने दातेरी रुळांतून चुरून, फाडून, वळवून काढण्याचे यंत्र तयार केले, आणि आज आमच्या घरोघर जो दाणेदार चहा येतो तो त्या यंत्राचा. हा चहा लवकर उतरतो, दुधास पुरून उरतो, थोडक्यात पुष्कळ पेले देतो. पण त्याबरोबर डोळ्यास अशी सवय लागली की, पातेल्यात क्षणभरात लाली न आली तर गृहिणी अस्वस्थ व्हावी. लाली लवकर येणे हा दाणेदार चहाच्या बनावटीचा गुण आहे; चांगल्या मळ्याच्या दाण्यांतही तो असतो आणि भिकार मळ्याच्या दाण्यांतही. त्यावरून प्रत कळत नाही.

तीच गोष्ट दाण्याच्या आकाराची. 'डस्ट म्हणजे कारखान्यातला केर, तो खेड्यात खपतो', हे विधान आम्ही चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. कारखान्यात चहा वाळला की तो चाळण्यांवरून सोडून त्याची प्रतवारी करतात. मोठे दाणे ते बी. पी., त्याहून बारीक ते पी. एफ., आणि सर्वांत बारीक ते डस्ट. ही नावे आकाराची आहेत, गुणाची नव्हेत. उत्तम मळ्याच्या मे-जूनमधील तोडणीची डस्ट ही हलक्या मळ्याच्या पावसाळी दाण्याहून कितीतरी सरस असते. बारीक पूड लवकर व अधिक कडक उतरते, मोठा दाणा सावकाश उतरतो, एवढाच दोहोंतील भेद. ज्यास भरपूर दूध घालून दोन उकळ्या द्यावयाच्या आहेत त्याने बारीक घ्यावी. ज्यास पातेल्यावर झाकण ठेवून मुरवावयाचा आहे त्याने मोठा दाणा किंवा पानाचा चहा घ्यावा. खेड्यातील माणूस डस्ट घेतो तेव्हा तो आपल्या रीतीस योग्य तीच वस्तू घेत असतो. त्याला फसविले जाते ते डस्टच्या आकाराने नव्हे, तर डस्टमध्ये लबाडी लपविणे सोपे असते म्हणून. दाणे मोठे असले की टरफल डोळ्यास दिसते. पिठात ते दिसत नाही. सबब बारीक पूड घेणाराने अधिक सावध असावे, इतकाच यातून निघणारा बोध.

मग चांगला चहा ओळखावा कशाने? व्यापारी ज्या रीतीने ओळखतात त्याच रीतीने. ती गुप्त विद्या नाही. शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्यास दोन ग्रॅम पूड, झाकण ठेवून सहा मिनिटे, की गाळून घ्यावे. चहा चाखण्याचे हे प्रमाण १९८० पासून आंतरराष्ट्रीय मानकात आलेले आहे. साखर नाही, दूध नाही, आले तर नाहीच नाही. आता पांढऱ्या वाटीत पाहावे. रंग गडद आहे की फिका, हे पाहू नये. त्यात तेज आहे की नाही, हे पाहावे. चांगल्या चहाचा काढा तांब्याच्या घासलेल्या भांड्याप्रमाणे चमकतो, वाईटाचा गढूळ मातकट दिसतो. नंतर चमचाभर दूध घालावे. चांगला चहा दुधाबरोबर सोनेरी तांबूस होतो, वाईट राखेच्या छटेवर जातो. रंगविलेला चहा येथेच उघडा पडतो, कारण काळा असताना तो जितका भडक तितकाच दुधात मेलेला दिसतो. गाळणीतील चोथाही फेकू नये. तो ओला व गरम असताना हुंगावा. चांगल्या चहाचा चोथा तांबूस व सुवासिक असतो. आणि एक चमत्कारिक गोष्ट: बिनदुधाचा चांगला कडक चहा निवला म्हणजे त्यावर साय धरल्यासारखा तो गढूळ होतो. अनेक घरी यास भेसळ समजतात. वस्तुतः चहातील कॅफीन व तेज देणारी द्रव्ये थंडीत एकत्र येतात म्हणून असे घडते, आणि चाखणारे यास गुण मानतात.

चव घेताना जिभेस किंचित चावल्यासारखे होऊन लगेच तोंड स्वच्छ वाटले पाहिजे. कडू आणि कडक या दोन शब्दांचा आमच्या बोलण्यात जो घोटाळा झाला आहे त्याने फार नुकसान केले आहे. कडकपणा हा चहाचा जोर आहे. कडूपणा बहुधा आपल्या उकळण्याचा किंवा जुन्या मालाचा दोष असतो. आले, वेलदोडा, गवती चहा यांस आमचा विरोध नाही, पण नव्या पुड्याची पहिली परीक्षा त्यांच्यावाचून करावी. हमरस्त्यावर जागोजाग ज्या 'गुळाच्या चहा'च्या पाट्या झळकतात, त्यांविषयी एवढेच म्हणतो की, गूळ स्वतःच इतका रंग देतो की त्याच्याआड कोणती पूड आहे हे ब्रह्मदेवासही कळावयाचे नाही.

उजनीकाठी या परीक्षेत एक मोठी अडचण आहे, ती पाण्याची. वहिनींच्या घरी आम्ही बाजारातील चांगल्या डब्याची पूड प्रथम कूपनलिकेच्या पाण्यात केली, तो वर तेलकट साय तरंगू लागली व तेज दिसेना. तीच पूड विकतच्या जारमधील गाळीव पाण्यात केली तेव्हा चहा उजळ निघाला. पूड तीच, पातेले तेच. जड पाण्यातील चुन्याचा अंश चहाशी मिळून अशी साय धरतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील मायकेल स्पायरो व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली 'नेचर' नियतकालिकात याची कारणमीमांसा केली आहे. दख्खनच्या खडकातील विहिरी व कूपनलिका यांचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. अशा पाण्यास फिका, सुवासिक चहा निरुपयोगी; त्यास आसामी जोरदार दाणा हवा. म्हणजे पुण्याच्या घरी उत्तम लागलेला पुडा टेंभुर्णीच्या घरी मुळमुळीत लागणे शक्य आहे, आणि त्यात टेंभुर्णीकरांच्या जिभेचा काही दोष नाही. चहा निवडावयाचा तो आपल्या घरच्या पाण्यात करून पाहून निवडावयाचा. दुसऱ्याच्या घरी चांगला लागला म्हणून आणलेला पुडा म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा.

आणि पाण्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या पदवीधर मित्रांस आणखी एक आठवण दिली पाहिजे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. करमाळा, माढा, इंदापूर, कर्जत या तालुक्यांतील जमिनी त्यासाठी गेल्या. पळसदेवचे जुने देऊळ पाण्यात गेले व पाणी उतरले की ते अजून डोके वर काढते. मुळामुठेचे पाणी, म्हणजे पुण्याने वापरून टाकलेले पाणी, भीमेवाटे याच जलाशयात येते. पुण्याने आपल्या मोरीचे पाणी ज्यांच्या दाराशी पाठवावयाचे, त्यांनाच वर त्यांच्या चहाच्या चवीवरून हसावयाचे, हा शिष्टाचार आम्हांस तरी अपूर्व वाटतो.

'पण गरिबास चांगला चहा परवडणार कसा?' असे कोणी म्हणतील. प्रश्न खरा आहे, आणि उजनीकाठी तर फारच खरा. कारण तेथे चहा ही चैन नव्हे. हंगामात बीड, अहिल्यानगरकडून आलेली ऊसतोडीची कुटुंबे पहाटेच्या अंधारात फडात उतरतात ती पुष्कळदा नुसत्या चहावर. जाळी टाकून परतणाऱ्या कोळ्याभोयांच्या पोटात दुपारपर्यंत चहाच असतो. अशांना रंगविलेला चोथा विकणे आणि सुखवस्तूस विकणे यांत फरक आहे. परंतु हिशोब तरी करून पाहा. समजा, हलका चहा किलोस ३०० रुपये व चांगला ५०० रुपये आहे. हलक्यास जोर नाही म्हणून गृहिणी पेल्यामागे साडेतीन ग्रॅम टाकते. ते एक रुपया पाच पैसे झाले. चांगला दोन ग्रॅम पुरतो. त्याचा एक रुपया झाला. वर उकळण्याचे जळण वाचले ते निराळे. आमचे आकडे उदाहरणाचे आहेत, ज्याने त्याने आपल्या बाजारच्या भावाने मांडावेत. पण किलोचा भाव पाहून चहा घेणे म्हणजे गाठोड्याच्या वजनावरून लुगडे घेणे होय. भाव पेल्याचा पाहावा. मात्र चांगली पूड आणून जुन्याच सवयीने साडेतीन ग्रॅम टाकली, तर हा हिशोब उलटतो, हे सांगून ठेवतो.

बंद पुड्याविषयी थोडेच सांगावयाचे आहे. त्यावर प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, वजन, किंमत व भरल्याची तारीख असलीच पाहिजे. बिनछापाची पिशवी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पण भरल्याची तारीख म्हणजे तोडणीची तारीख नव्हे, हे विसरू नये. माल लिलावातून, गोदामातून फिरत फिरत मिश्रणात जाऊन पुड्यात बसेपर्यंत महिने लोटलेले असू शकतात. म्हणून नव्या छापाचा पुडा प्रथम शंभर ग्रॅमचाच घ्यावा, बरणीच्या लोभाने किलोचा घेऊ नये. लोहचुंबक फिरवून पाहण्याची जी रीत सांगतात ती चांगली, परंतु दोनचार कण चिकटले म्हणून हलकल्लोळ करू नये; यंत्राचे रूळ झिजून थोडे लोखंड उतरतेच, व कायद्यानेही किलोमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत ते क्षम्य मानले आहे. झुपका चिकटला तर मात्र पुडा घेऊन राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जावे. या खात्यासही आमचे सांगणे आहे. सणासुदीस खवा व मिठाई तपासता, त्याप्रमाणे आठवडी बाजारांतील सुटा चहा वर्षातून दोनदा तरी तपासावा व निकाल त्याच बाजारात फळ्यावर लावावा.

पुण्यास परतल्यावर आम्ही त्या दोन्ही पुड्या आमच्या मित्रांकडे नेल्या व वर सांगितलेल्या प्रमाणाने करून, कोणती कोठली हे न सांगता, पुढे ठेवल्या. त्यांनी दोन्ही पेल्यांकडे पाहिले, क्षणाचाही विलंब न लावता लालभडक पेला उचलला आणि म्हणाले, "हा खरा चहा!" त्यांच्या सौभाग्यवतींनी मात्र दोन्ही हुंगून दुसरा उचलला. त्या घरात चहा आणावयाचे काम कोणाकडे असावे याविषयी आम्ही आमचे मत त्याच वेळी दिले.

आम्ही गाव सोडले त्या सकाळची गोष्ट सांगावयाची राहिली. वहिनींनी आदल्या दिवशी त्या मागच्या डब्यातील पावशेर पूड आणविली होती. चहा जारच्या पाण्यात, बेताच्या पुडीचा, आल्यावाचून झाला होता. आम्हांस तो फार आवडला, यजमानांस आवडला. मामांनी पेला उजेडाकडे धरून पाहिला, एक घोट घेतला, पुन्हा पाहिला. "वास चांगलाय," ते म्हणाले, "पर ह्यो काय रंग हाय व्हय?" वहिनी काही बोलल्या नाहीत, त्यांनी दूध थोडे कमी करून दुसरा पेला भरला. आमची गाडी आली तेव्हा तो दुसरा पेला अर्धा झाला होता व वाद चालूच होता.